मगर छातीवर, मगर रस्त्यावर

२०२४ चा जून संपता संपता चिपळुणात एक मगर रस्त्यावर आली. चिंचनाक्याच्या बाजूला, रात्रीच्या पावसात, गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात ती शांतपणे चालली होती. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि सकाळपर्यंत तो दुबईतल्या चिपळूणकरांनीही आम्हाला पाठवला. बाहेरच्यांना फार नवल वाटलं. आम्हाला तेवढं नाही. वाशिष्ठीत मगरी आहेत, शिव नदीत आहेत, खाडीत होडीतून पैसे घेऊन त्या दाखवल्याही जातात. ही फुकटात दिसली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी टपरीवर अर्थातच परिसंवाद. सगळ्यात चढ्या आवाजात बोलणारे गृहस्थ वनखात्यावर घसरले होते. मगर म्हणजे काय चेष्टा आहे, माणसांच्या वस्तीत मगर कशी चालेल, वगैरे. बोलताना त्यांची छाती वर-खाली होत होती आणि तिच्यावर डाव्या बाजूला एक छोटी हिरवी मगर वर-खाली होत होती. कॉलर ताठ. खाली हाफ पँट, स्लिपर, हातात कटिंग. त्या मगरीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

मला त्या दिवसापासून हा नाद लागला. चिपळुणात गोल्फचं मैदान नाही. गोल्फ खेळायचा तर घाट चढून महाबळेश्वर गाठावं, नाहीतर थेट पुणे किंवा खारघर. इथे ते होणारही नाही. अठरा भोकांच्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकर सलग जागा लागते, आणि आमच्याकडे पाच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर बावीस नावं असतात. त्यातली नऊ मुंबईला, तीन मयत, आणि एक जण कोणाशीच बोलत नाही. पहिल्या भोकाची मोजणी होईस्तोवर खेळाडूंची दुसरी पिढी निवृत्त होईल. (महामार्गावर भोकं आहेतच, हा विनोद मी करणार नाही. तो आता महामार्गापेक्षा जुना झालाय.)

पण गोल्फचे कपडे? ते मात्र पेठेत आहेत, पागेवर आहेत, बहादूरशेख नाक्यावर आहेत. खेळ आला नाही, पोशाख आला. पाहुणा आलाच नाही आणि त्याची बॅग आली, असला प्रकार.

या मगरीचा इतिहास आधी सांगून टाकतो, कारण तो मजेचा आहे. रने लाकोस्त नावाचा फ्रेंच टेनिसपटू होता. १९२३ मध्ये तो संघाबरोबर अमेरिकेत बोस्टनला गेला असताना एका दुकानात त्याला मगरीच्या कातड्याची बॅग आवडली. संघाचा कप्तान म्हणाला, सामना जिंकलास तर घेऊन देतो. पोरगा हरला. बॅग गेली, पण तिथल्या एका पत्रकारानं त्याला चिकटवलेलं ‘मगर’ हे नाव राहिलं. म्हणजे जगातला सगळ्यात महागडा प्राणी हा मुळात एका हुकलेल्या बॅगेची आठवण आहे. त्या काळी टेनिस लांब बाह्यांचे, कडक कॉलरचे पांढरे सदरे घालून खेळत. लाकोस्तला त्यात उकडायचं. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत तो आखूड बाह्यांचा, जाळीदार विणीच्या सुती कापडाचा सदरा घालून उतरला. १९३३ मध्ये त्यानं एका विणकाम कारखानदाराला जोडीला घेऊन त्याचा धंदाच काढला. आता गोल्फ कुठून आलं? घरातून. त्याची बायको सिमॉन १९२७ ची ब्रिटिश महिला हौशी गोल्फविजेती. मुलगी कॅथरीन हिनं १९६७ मध्ये अमेरिकेची महिला ओपन हौशी खेळाडू म्हणून जिंकली. बाप टेनिसचा, माय-लेकी गोल्फच्या, सदरा एकच. कॉलर असल्यामुळे क्लबवाल्यांची अब्रू राहिली आणि बाह्या आखूड असल्यामुळे खेळणाऱ्याचा जीव राहिला.

एवढंच त्यात शहाणपण होतं: माणसाला उकडत होतं. बाकीचं पुढच्यांनी वाढवलं.

या मगरीला सिंगापूरची एक चुलत बहीण आहे. फ्रेंच मगरीचं तोंड उजवीकडे, सिंगापुरीचं डावीकडे. दोघींचं भांडण देशोदेशीच्या कोर्टांत चाललं. आपल्याकडे २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लागला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आमची मगर रस्त्यावर आली त्याच पावसाळ्यात, न्यायालयानं फ्रेंच मगरीच्या बाजूनं निकाल दिला. तेवीस वर्षं. कोकणातल्या बांधाच्या दाव्याच्या मानानं लवकरच म्हणायचं. मगरीचं तोंड कुठल्या बाजूला आहे हा प्रश्न आम्हीही विचारतो. पण नदीकाठी कपडे धुणाऱ्या बाईला त्याचं उत्तर तेवीस वर्षांत मिळून चालत नाही.

गोल्फच्या कपड्यांवर प्राण्यांचा सुळसुळाट का, हे मला कळलेलं नाही. जॅक निकलसचं सोनेरी अस्वल. ग्रेग नॉर्मनचा शार्क. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका बनियनवाल्या कंपनीनं १९५५ मध्ये गोल्फच्या सदऱ्यावर पेंग्विन आणला. टायगर वुड्स सत्तावीस वर्षं बरोबरच्या खुणेखाली खेळला, २०२४ च्या जानेवारीत तिला सोडचिठ्ठी दिली आणि महिन्याभरात स्वतःचा वाघ काढला. त्या वाघाला पट्टे मोजून पंधरा, कारण मोठ्या स्पर्धा जिंकल्या पंधरा. उद्या सोळावी जिंकला तर छापखान्याचा खर्च आहे. कुणी चिपळुणात असली कंपनी काढणारच असेल तर त्याला माझी फुकट सूचना: खवले मांजर घ्या. आमच्याच तालुक्यात सह्याद्री निसर्गमित्रवाल्यांनी त्याच्यासाठी खस्ता खाल्ल्यात. शिवाय तो असा प्राणी आहे जो घाबरला की स्वतःच चेंडू होतो.

आता इथे कॉलरवाला टी-शर्ट कोण घालतं ते पाहा. गणेशोत्सव मंडळ. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीचे कामगार. प्रचाराला निघालेले कार्यकर्ते. विमावाले, गॅसवाले, कुरिअरवाले. दहावीच्या ब्याण्णव सालच्या बॅचचं गेट-टुगेदर. पवन तलाव मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा असली की सोळा संघ, सोळा रंग, आणि प्रत्येक छातीवर एका तरी परदेशी कंपनीची खूण, जी त्या कंपनीला माहीत नसते. टी-शर्ट छापणाऱ्याच्या दुकानात मी एकदा आमच्या वाचकमंडळासाठी चौकशीला गेलो होतो.

“मॅटी देऊ की ड्रायफिट?”

म्हटलं, फरक काय?

त्यानं माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं, मध्यावर जरा जास्त वेळ थांबला. “मॅटीत माणूस बरा दिसतो. ड्रायफिटमध्ये पोट दिसतं.”

परदेशी कंपन्यांनी ड्रायफिटवर काय काय संशोधन केलं असेल ते असो, त्याचा सारांश या माणसानं सात शब्दांत दिला. आम्ही मॅटी घेतला.

पण नशिबात असेल ते टळत नाही. गेल्या वर्षी वाढदिवसाला जावयांकडून पुण्याहून खोकं आलं. जावई संगणकात आहेत. त्यांचा साहेब गोल्फ खेळतो, म्हणून तेही रविवारी पहाटे उठून खेळतात. “हा खेळ नाही बाबा, नेटवर्किंग आहे,” असं ते मला एकदा म्हणाले होते. आमच्या काळी साहेबाच्या मागे पिशवी घेऊन चालणाऱ्याला वेगळं नाव होतं. जावई असल्यामुळे ते मी घेत नाही.

खोक्यातून आधी निघाला टी-शर्ट. फिकट आकाशी, अंगाला लावला तर गार लागणारा, माशाच्या पोटासारखा बुळबुळीत. मग पँट, जवळजवळ पांढरी. ही पँट मी नीट पाहिली. कमरपट्टीच्या आतल्या बाजूला रबराच्या तीन बारीक रेघा फिरवलेल्या. कशाला? तर काठी फिरवताना खोचलेला शर्ट वर सरकू नये म्हणून. मागच्या खिशाजवळ, चेंडू जिच्यावर मांडतात ती लाकडी खुंटी ठेवायला वेगळी फट. कापड चारही बाजूंनी ताणलं जाणारं, आणि पट्टीवर लिहिलेलं की हे घाम बाहेर काढतं. मी आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे पंख्याखाली बसलेला माणूस. माझा घाम बाहेर काढायला आजवर फक्त वरिष्ठांची तपासणी लागली. त्यासाठी एवढं विज्ञान?

शेवटी निघाला हातमोजा. पातळ मऊ चामड्याचा, पांढरा, डाव्या हाताचा. एक.

हिनं खोक्यात हात घातला, कागद उपसला, खोकं उलटं करून आपटलं. “दुसरा कुठाय?”

मी पुस्तकी ज्ञान पाजळलं: गोल्फला एकच मोजा घालतात. उजव्या हाताचा खेळाडू डाव्या हातात. दुकानात सुटाच मिळतो.

“आणि पैसे?”

“पैसे पूर्ण.”

“मग दुसऱ्या हाताचे कुणाकडनं घेतात?” ती म्हणाली आणि मोजा घेऊन आत गेली. पुढे फणसाच्या दिवसांत त्याचा शोध लागला. चीक लागत नाही, पकड चांगली, विळीवर हात घसरत नाही. एक हात फणसावर, एक हात मोकळा. पटवून द्यायची गरजच राहिली नाही. एकच मोजा पुरतो हे गोल्फवाल्यांचं बरोबर आहे.

टी-शर्ट-पँट घालून मी एकदाच बाहेर पडलो. वर टोपी, तिच्यावरही कंपनीचं नाव. श्रावण लागायच्या आदल्या रविवारी मासळीबाजारात गेलो. समुद्र बंद, तेव्हा खाडीचीच कोलंबी होती. नेहमीची बाई माझ्याकडे बघून गप्प झाली. मी वाटा विचारला. ती उठून उभी राहिली.

“तुमी ब्यांकेतले काय वो?”

म्हटलं, नाही हो.

“मग फायनान्सचे? हप्ता दोन तारखेला दिलाय हां आमी. पोरान् भरलाय. पावती हाय.”

टोपी काढली तेव्हा तिनं ओळखलं. मग पदर तोंडाला लावून हसली ती हसलीच. पण कोलंबीचा वाटा तोवर पिशवीत पडला होता, आणि तो नेहमीपेक्षा चांगला मूठभर जास्त होता. गोल्फच्या कपड्यांचा हा फायदा कुठल्याही जाहिरातीत छापलेला मी पाहिलेला नाही. छातीवर खूण, डोक्यावर नाव, स्वच्छ पँट आणि हातात काहीच काम नाही: अशा माणसाला आमच्याकडे लोक खेळाडू समजत नाहीत. वसुलीवाला समजतात. गोल्फच्या मूळ गावीही फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

कारण गोल्फमध्ये कपडे हे खेळायला कमी आणि आत जायला जास्त लागतात. सुरुवात तशी नव्हती. इंग्लंड-स्कॉटलंडातली सुरुवातीची मंडळी सार्वजनिक माळांवर खेळत. चरणाऱ्या गुरांत, फिरणाऱ्या माणसांत. म्हणून लाल कोट घालत, की बाबांनो, इथे टणक चेंडू उडतोय, बाजूला व्हा. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर आजही लाल घालूनच खेळावं लागतं, कारण तो माळ आजही सगळ्यांचा आहे. हा मला आवडलेला एकमेव नियम: माझ्या खेळानं तुला इजा होऊ नये म्हणून मी लाल. पुढे माळाला कुंपण पडलं आणि उलटं झालं. आता बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून कपडे.

अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या क्लबात सभासदांचं हिरवं जाकीट १९३७ मध्ये आलं. हेतू असा की प्रेक्षकांना काही विचारायचं तर सभासद ओळखू यावा. आणि जेवणाचं बिल कुणापुढे ठेवायचं ते वाढप्याला कळावं, असंही सांगतात. १९४९ पासून ते विजेत्यालाही घालतात. त्याच मैदानावर सामान वाहणाऱ्या कॅडीला पांढरा अंगभर गणवेश. उन्हात चौदा काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालणारा गळ्यापासून पायापर्यंत बंद गणवेशात, आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यासाठी घाम टिपणारं कापड. २०२४ मध्ये तिथे जेसन डे हा खेळाडू एक भडक बंडी घालून आला. तिच्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. क्लबानं ती उतरवायला लावली. नाव चालतं, पण बेतानं. लाच कशी टेबलाखालून चालते, तसं.

आपल्याकडची गोष्ट याहून सरस आहे. मुंबईच्या विलिंग्डन क्लबात गोल्फचं मैदान आहे. गव्हर्नर विलिंग्डननं तो १९१८ मध्ये काढला, गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला दार बंद असायचं म्हणून. इथे दोघांनाही प्रवेश. आणि १९८८ मध्ये त्याच क्लबानं एका हिंदी माणसाला बाहेर काढलं. तो पंढरपूरला जन्मलेला, जगभर नावाजलेला, आणि अनवाणी होता. मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरीचा, म्हणजे अनवाणी चालण्याची सर्वोच्च परंपरा असलेल्या गावचा, आणि अडला कुठे तर बुटांपाशी. गोरे कातडी बघायचे, आपण पाय बघितले. सुधारणा खालून सुरू झाली असं म्हणायचं.

आणि चेंबूर. तिथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. शेजारच्या वस्तीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे कॅडी. दिवसभर साहेबांच्या काठ्या वाहायच्या आणि संध्याकाळी वस्तीत परतलं की बांधकामाची सळई वाकवायची, तिची काठी करायची, प्लॅस्टिकचा चेंडू घ्यायचा आणि गल्लीबोळात, गटाराच्या कडेनं, पत्र्यांवरून गोल्फ खेळायचा. त्यातून व्यावसायिक खेळाडूही निघाले. त्या गल्लीतल्या पोशाखाचा नियम सांगू? अंगात बनियन असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं. चेंडू मात्र बरोबर जातो. रबराच्या तीन रेघांशिवाय.

एवढं बोलल्यावर एक कबुली द्यायलाच हवी, नाहीतर ही मला सदर पूर्ण करू देणार नाही. त्या टी-शर्टाचा एक गुण चिपळुणात निर्विवाद सिद्ध झाला: तो वाळतो.

हे वाक्य देशावरच्या वाचकाला कळायचं नाही. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात जुलैत कपडे वाळत नाहीत. ते पडवीतल्या दोरीवर चार दिवस लोंबतात, कुबट होतात, मग इस्त्रीखाली ठेवून त्यांना वाळलेलं समजलं जातं. सुती शर्टाच्या कॉलरीवर तर बुरशीचे काळे ठिपके येतात. तीच खरी इथली छापील नक्षी. अशा दोरीवर तो आकाशी टी-शर्ट रात्री घातला आणि सकाळी कोरडा. हिनं दोनदा हात लावून पाहिला. “हे कापड बरंय,” म्हणाली. घरात इतकं मोठं प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेलं नाही. टोकदार तळव्यांचे गोल्फचे बूटही असतात; ते शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर कसे धरतील याचा विचार मी मनात बराच वेळ घोळवला. इतक्या वर्षांत इथे कंबर मोडलेल्यांची यादी मोठी आहे.

पावसातल्या गोल्फचे खास कपडेही निघतात. स्वीडनची एक कंपनी त्यासाठीच नावाजलेली. पाणी आत जात नाही, वाफ बाहेर जाते, आणि वाकलं, वळलं, हात फिरवले तरी कुठे अडकत नाही. वाचल्यावर मला पहिली आठवण इरल्याची झाली. बांबूच्या कामट्या, त्यात दाबून बसवलेली पानं, डोक्यापासून कंबरेखालपर्यंत पाठ झाकणारं. ते उभ्या माणसासाठी नव्हतंच. वाकलेल्या बाईसाठी होतं. लावणी लावताना दोन्ही हात चिखलात, म्हणून हातानं धरावं लागू नये. पाठीवर पाऊस, म्हणून पाठ झाकलेली. समोर रोप दिसायला हवं, म्हणून पुढून उघडं. वाफ आपोआप बाहेर. त्याच्यावर कुठल्या प्राण्याचं चित्र नव्हतं, म्हणून ते मेलं असावं. आता लावणीला प्लॅस्टिकचा कागद असतो, कोपरा बांधून डोक्यावर घेतलेला. वारा आला की उडतो. चारही बाजूंनी ताणणारं कापड अजून त्या पाठींपर्यंत पोचलेलं नाही. खरं तर दिवसात हजार वेळा वाकणारं माणूस या तालुक्यात दुसरं कोण आहे?

एकदा पोचलं होतं. नाइलाजानं.

२२ जुलै २०२१, चिपळूणचा महापूर. त्या दिवसाचं मी पुन्हा सांगत नाही. ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या नव्हतं त्यांनी ऐकून ऐकून पाठ केलंय. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत गुडघाभर चिखल आणि अंगावर घालायला कोरडं काही नाही. मग महाराष्ट्रभरातून ट्रक आले. पाणी, बिस्किटं, चटया आणि कपडे. कपड्यांचे ढीग पडले. त्या ढिगांत लग्नातल्या शेरवान्या होत्या, नऊवार होती, शाळेचे गणवेश होते, आणि कॉलरवाले टी-शर्ट तर शेकड्यांनी. मोठ्या कंपन्यांचे कार्यक्रम होतात, तिथे वाटतात ते. एकदा घालून कपाटात पडलेले.

आमच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराच्या अंगात त्यातला एक होता. गडद निळा, चांगल्या जातीचा. पाठीवर इंग्रजीत कसल्याशा वार्षिक गोल्फ स्पर्धेचं नाव आणि खाली ओळीनं अठरा बारीक झेंडे. तो फावड्यानं दुकानातला चिखल दारापर्यंत ओढत होता. त्या चिखलात तांदूळ होता, साबण होता, साखरेचा तर मागमूस नव्हता. टी-शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. तो शिवला गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

मला बघून थांबला. फावड्यावर रेलला. “काय हो लिहिलंय मागे? सकाळपासून तिघांनी वाचलं, सांगत कोणी नाही.”

म्हटलं, गोल्फची स्पर्धा.

“म्हणजे ते काठीनं चेंडू मारतात ते?”

“हो. मारत मारत न्यायचा आणि भोकात घालायचा.”

“आणि पाण्यात गेला तर?”

हा प्रश्न त्या दिवशी चिपळुणातच कुणाला सुचू शकत होता. मला उत्तर माहीत होतं. “पाण्यात गेला तर एक फटका दंड धरतात. आणि नवा चेंडू घेऊन पुढे खेळायचं.”

“एकच?” तो म्हणाला. आणि वळून परत चिखल ओढायला लागला.

त्याचं दुकान पुन्हा उभं आहे. तो निळा टी-शर्ट त्यानं पुढे दोन वर्षं गोदामात पोती उतरवताना घातला. झेंडे धुऊन धुऊन गेले, कापड तसंच. माझा आकाशी मात्र यंदा खांद्यावर उसवला, तेव्हा हिनं तो पोतेऱ्याला घेतला. आमच्या घरात प्रत्येक कापडाची शेवटची परीक्षा ही. माझी जुनी खादी, सासूबाईंची सुती लुगडी, मुलाचे शाळेचे शर्ट, सगळे या परीक्षेत वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झालेले आहेत. हा नापास झाला. पाणी पितच नाही. नुसतं इकडचं तिकडे ढकलतो. घाम बाहेर काढायला शिकवलेलं कापड, ते पाणी आत घेईल कशाला? हिनं पिळून परत दोरीवर टाकला. सकाळी कोरडा होता.

परवा जावयांचा फोन आला. बाबा, वाढदिवस जवळ आला, या वेळी काय पाठवू? बूट पाठवू का, तुमचा नंबर काय?

मी विचार करून सांगितलं. जावईबापू, गोल्फमध्ये आर्नल्ड पामर नावाचा मोठा खेळाडू होऊन गेला. बाकीच्यांनी अस्वलं-शार्क घेतले, त्यानं आपल्या कपड्यांवर छत्री घेतली, चार रंगांची, उघडलेली. त्या अख्ख्या धंद्यात आमच्या गावाची कल्पना असलेला तेवढा एकच माणूस दिसतो. तुमच्या त्या दुकानात गोल्फची मोठी छत्री मिळते, दोन माणसं आणि एक पिशवी मावेल एवढी. ती पाठवा. नाव-चित्र नसेल तर उत्तम. दांडा लाकडी असावा, आणि मूठ वाकडी, दाराच्या कडीला अडकवता येईल अशी. जून लागायच्या आत पाठवा.